हंगामी वस्त्रांची साठवण

हंगामी वस्त्रांची साठवण म्हणजे वर्षातील ठरावीक ऋतूत किंवा प्रसंगी वापरली जाणारी वस्त्रे उरलेल्या काळात घरात सुस्थितीत ठेवण्याची पद्धती होय. स्वेटर, शाली, कानटोप्या, रजया व घोंगड्या ही हिवाळी वस्त्रे, रेनकोटसारखी पावसाळी वस्त्रे, तसेच सणासमारंभापुरती वापरली जाणारी रेशमी व जरीची वस्त्रे यांचा त्यात समावेश होतो. साठवणीचा विचार करताना बहुधा प्रथम डांबरगोळ्यांची आठवण होते. प्रत्यक्षात वस्त्रांचे आयुष्य मुख्यतः दोन गोष्टींवर अवलंबून असते. ठेवताना वस्त्र पूर्णपणे स्वच्छ होते की नाही, आणि ते पूर्णपणे कोरडे होते की नाही, या त्या दोन गोष्टी. कीटकरोधक द्रव्यांचे स्थान त्यानंतरचे असून त्यांपैकी काही द्रव्ये अयोग्य रीतीने वापरल्यास माणसांना, विशेषतः लहान मुलांना, अपायकारक ठरतात.

संज्ञा

कपडे व पुस्तके खाणाऱ्या बारीक किडींना मराठीत सरसकट 'कसर' म्हणतात. या एका शब्दाखाली प्राणिशास्त्रदृष्ट्या भिन्न असलेले अनेक कीटक येतात. दमट हवेने पदार्थ वा कापड ओलसर व मऊ पडते त्यास 'सादळणे' म्हणतात. कापड फाटण्यापूर्वी त्याचे तंतू झिजून ते पातळ होते त्यास 'विरणे' अशी संज्ञा आहे. साठवलेले कपडे अधूनमधून उन्हात पसरण्यास 'ऊन दाखवणे' असे म्हटले जाते. नवे वस्त्र प्रथम परिधान करण्यास 'घडी मोडणे' म्हणतात. साठवणीच्या संदर्भात मात्र हा वाक्प्रचार शब्दशः घेण्याजोगा आहे, कारण रेशमी वस्त्राची घडी दीर्घकाळ न मोडल्यास ते घडीच्या रेषेवरच विरते.

वस्त्रांच्या हानीची कारणे

दमटपणा

सर्व नैसर्गिक तंतू हवेतील बाष्प शोषून घेतात. २० अंश सेल्सिअस तापमान व ६५ टक्के सापेक्ष आर्द्रता असताना कोरड्या वजनाच्या तुलनेत कापूस सुमारे ८.५ टक्के, रेशीम सुमारे ११ टक्के आणि लोकर सुमारे १६ टक्के पाणी धरून ठेवते. पॉलिएस्टरमध्ये हे प्रमाण केवळ ०.४ टक्क्यांच्या आसपास असते. त्यामुळे हाताला कोरडी लागणारी शालही प्रत्यक्षात बरेच पाणी बाळगून असू शकते. सापेक्ष आर्द्रता ६५ ते ७० टक्क्यांच्या वर दीर्घकाळ राहिली की कपड्यांवर बुरशी वाढू लागते. कोकण किनाऱ्यावर जुलै-ऑगस्टमध्ये ही आर्द्रता बहुधा ८० टक्क्यांहून अधिक असते. बुरशीमुळे प्रथम कुबट वास येतो, पुढे काळे, करडे वा पिवळसर ठिपके पडतात आणि अखेरीस तंतू कमकुवत होतात. ठिपके खोलवर मुरल्यानंतर ते पूर्णपणे काढता येत नाहीत.

मळ, घाम व डाग

घामातील क्षार व आम्ले, त्वचेवरील तेलकटपणा आणि अन्नाचे अंश डोळ्यांना दिसले नाहीत तरी कापडात राहतात. सरबत किंवा नारळपाण्याचा ताजा डाग वाळल्यावर नाहीसा झाल्यासारखा वाटतो, परंतु काही महिन्यांत हवेशी संयोग होऊन तो पिवळा वा तपकिरी दिसू लागतो. असे डाग किडींनाही आकर्षित करतात. म्हणून एकदाच वापरलेले वस्त्रही न धुता वर्षभरासाठी ठेवू नये.

कीटक

लोकरीचा प्रमुख शत्रू म्हणजे कापडी पतंग. त्याच्या सर्वत्र आढळणाऱ्या जातीचे शास्त्रीय नाव टिनिओला बिसेलिएला असे आहे. हा फिकट सोनेरी रंगाचा, जेमतेम अर्धा ते पाऊण सेंटिमीटर लांबीचा कीटक असून तो प्रकाश टाळतो. प्रौढ पतंग काहीही खात नाही. नुकसान करते ती त्याची अळी. लोकर, केस व पिसे यांतील केराटिन हे प्रथिन ती पचवू शकते. रेशमालाही ती उपद्रव देते. अनुकूल परिस्थितीत अळीची वाढ महिनाभरात पूर्ण होते, तर प्रतिकूल परिस्थितीत ती दोन वर्षांपर्यंत लांबू शकते. त्यामुळे पतंग दिसले नाहीत म्हणून कीड नाही असे समजता येत नाही. केसाळ अळ्यांचे काही लहान भुंगेरेही लोकरीची अशीच हानी करतात.

चंदेरी रंगाची, पंख नसलेली व चपळ कसर पिष्टमय पदार्थांवर जगते. खळ किंवा कांजी दिलेले सुती कपडे तिला विशेष प्रिय असतात. ती कापडाचा पृष्ठभाग खरवडून खाते. झुरळांच्या विष्ठेचे डाग, उंदरांचे कुरतडणे आणि लाकडी कपाटातून कपड्यांपर्यंत पोहोचणारी वाळवी हीदेखील हानीची नेहमीची कारणे आहेत.

प्रकाश, घड्या व संपर्क

सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांमुळे रंग उडतात आणि रेशीम ठिसूळ होते. तीच घडी वर्षानुवर्षे राहिल्यास तंतूंवर एकाच जागी ताण येतो. गंजलेल्या पत्र्याचे डाग, वर्तमानपत्राची शाई व त्यातील आम्लता आणि रंग न दिलेल्या कच्च्या लाकडातील आम्ले यांचाही कापडावर परिणाम होतो.

ऋतुमानानुसार वेळापत्रक

महाराष्ट्रातील हवामानात साठवणीचे तीन मुख्य टप्पे पडतात.

फाल्गुन-चैत्र (मार्च-एप्रिल): थंडी संपल्यावर लोकरी वस्त्रे धुऊन ठेवण्याचा हा काळ होय. हवा कोरडी असल्याने जाड रजया व घोंगड्याही आतपर्यंत वाळतात.

वैशाख-ज्येष्ठ (मे ते जूनचा पूर्वार्ध): लग्नसराईत वापरलेली रेशमी व जरीची वस्त्रे पहिल्या पावसापूर्वी स्वच्छ करून बंद करावीत. पावसाळी वस्त्रे याच वेळी बाहेर काढून त्यांचे शिवण व चेन तपासाव्यात.

आश्विन (ऑक्टोबर): पाऊस ओसरल्यावर सर्व पेट्या, कपाटे व माळे उघडून कपड्यांना ऊन-वारा देण्याचा हा काळ आहे. दसरा-दिवाळीपूर्वी घर झाडण्याची रीत या कामाशी जुळणारी आहे. रेनकोट याच वेळी आत जातात व लोकरी वस्त्रे बाहेर येतात.

पावसाळ्यात रेशमाची पेटी शक्यतो उघडू नये असा सर्वसाधारण नियम आहे, परंतु मंगळागौर, नारळी पौर्णिमा व गौरी-गणपती हे सण नेमके त्याच दिवसांत येतात. अशा वेळी श्रावण-भाद्रपदात लागणारी वस्त्रे आधीच वेगळी काढून ठेवणे सोयीचे असते. नेसून झालेली साडी पंख्याखाली वाळवून स्वतंत्र ठेवावी आणि आश्विनातील कोरड्या हवेनंतरच मूळ पेटीत परत ठेवावी. एक सादळलेले वस्त्र बंद पेटीतील सर्व वस्त्रांना ओल देऊ शकते.

साठवणीपूर्व तयारी

१. वर्गवारी: लोकरी, रेशमी, सुती व कृत्रिम धाग्यांची वस्त्रे वेगळी करावीत. लोकरीचे म्हणून विकले जाणारे अनेक स्वेटर प्रत्यक्षात ॲक्रिलिकचे असतात. शिवणीच्या आतील एक धागा चिमट्यात धरून मोठ्यांनी, सुरक्षित जागी जाळून पाहिल्यास फरक कळतो. लोकरीस केस जळल्यासारखा वास येतो व मागे चुरगळणारी राख राहते. ॲक्रिलिक मात्र वितळून कठीण गोळी बनते. स्वच्छ ॲक्रिलिकला पतंगाची अळी खात नाही, त्यामुळे अशा स्वेटरांसाठी कीटकरोधकाची गरजच नसते.

२. धुलाई: लोकर व रेशीम अल्कधर्मी साबणाने खराब होतात. त्यासाठी सौम्य द्रव साबण किंवा परंपरेने वापरले जाणारे रिठ्याचे पाणी उपयुक्त ठरते. लोकरी वस्त्र पिळू नये. टॉवेलमध्ये गुंडाळून दाबावे व सपाट पसरून वाळवावे. भारी जरीची वस्त्रे घरी न धुता जाणकाराकडून ड्रायक्लीन करून घ्यावीत आणि घरी आणल्यावर प्लॅस्टिकच्या पिशवीतून काढून एक-दोन दिवस वाऱ्यावर ठेवावीत.

३. खळ टाळणे: वर्षभरासाठी ठेवायच्या सुती वस्त्रांना खळ देऊ नये. ती वापरण्यापूर्वी द्यावी. पारंपरिक घोंगडीच्या ताण्याला चिंचोक्याची खळ दिलेली असते, म्हणून नव्या घोंगडीची साठवण अधिक जागरूकपणे करावी लागते.

४. वाळवणे: सुती व पांढऱ्या कपड्यांना कडक ऊन चालते. लोकरी वस्त्रे थोडा वेळ उन्हात ठेवून झटकावीत व मऊ ब्रशने झाडावीत. पतंगाची अंडी कापडाला घट्ट चिकटलेली नसल्याने झटकण्याने ती बऱ्याच अंशी गळून पडतात. रेशमी व गडद रंगाची वस्त्रे सावलीतच वाळवावीत.

५. निववणे: इस्त्री केलेल्या वा उन्हातून आणलेल्या कपड्यांत उष्णता व वाफ असते. ते पूर्ण निवल्यावरच बंद करावेत.

वस्त्रप्रकारानुसार साठवण

लोकरी वस्त्रे: स्वेटर टांगल्यास स्वतःच्या वजनाने ताणले जातात, म्हणून ते घडी घालून ठेवावेत. जड वस्त्रे खाली व हलकी वर असावीत. शाली स्वच्छ सुती कापडात गुंडाळून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवल्यास पतंगाला प्रवेश मिळत नाही.

रेशमी व जरीची वस्त्रे: पैठणीसारखे वस्त्र धुतलेल्या पांढऱ्या मलमलीत किंवा मऊ सुती कापडात गुंडाळावे. खऱ्या जरीतील चांदी हवेतील गंधकयुक्त वायूंशी संयोग पावून काळवंडते. त्यामुळे रबर, लोकर व चामडे यांच्या सान्निध्यात जरी ठेवू नये आणि तिच्यावर अत्तर वा सुगंधी फवारा मारू नये. जरीवर जरी घासू नये म्हणून घडीमध्ये मलमलीचा थर द्यावा. जड काठपदराची साडी दीर्घकाळ टांगल्यास ओघळते व ताणली जाते. दर तीन-चार महिन्यांनी जुन्या घडीची रेष टाळून नवी घडी घालावी. पावसाळ्यात हे काम कोरड्या, उघाडीच्या दिवशी करावे. नाजूक व जुनी वस्त्रे कापड गुंडाळलेल्या नळीवर गुंडाळून ठेवणे घडीपेक्षा अधिक सुरक्षित असते.

रजया, गोधड्या व ब्लँकेट: हवा काढून घेणाऱ्या पिशव्यांत जागा वाचते, परंतु कापूस किंवा पिसे भरलेल्या वस्तू दीर्घकाळ दाबून ठेवल्यास त्यांचा फुगीरपणा कमी होतो. जुन्या धुतलेल्या चादरीचा खोळ हे त्यांसाठी चांगले वेष्टन होय.

पावसाळी वस्त्रे: रेनकोट आतबाहेर पुसून, सावलीत पूर्ण वाळवून सैल घडी घालावा. प्लॅस्टिकच्या रेनकोटचे पदर एकमेकांस चिकटू नयेत म्हणून आत थोडी शंखजिऱ्याची पूड भुरभुरतात.

साठवणीची साधने व जागा

पूर्वी लाकडी पेटारे, पत्र्याच्या ट्रंका व कापडी गाठोडी वापरली जात. आज लोखंडी वा लाकडी कपाटे, पलंगातील कप्पे आणि प्लॅस्टिकचे डबे अधिक आढळतात. पत्र्याच्या ट्रंकेचा गंज घासून, रंग लावून आत धुतलेल्या सुती कापडाचे अस्तर घालावे. लाकडी कपाटातही असे अस्तर उपयोगी पडते. वर्तमानपत्राऐवजी न छापलेला आम्लविरहित कागद वापरावा.

प्लॅस्टिकचे वेष्टन बाहेरची ओल आत येऊ देत नाही, तशीच आतील ओल बाहेर जाऊ देत नाही. पूर्ण कोरड्या लोकरीसाठी ते कीटकांविरुद्ध उपयुक्त आहे. किंचित सादळलेल्या रेशमासाठी मात्र ते घातक ठरते. शंका असल्यास कापडी वेष्टनच वापरावे.

शहरातील सदनिकांत जुने कपडे बहुधा न्हाणीघरावरील माळ्यावर किंवा बाहेरच्या भिंतीला टेकलेल्या कपाटात जातात. याच जागांना पावसाळ्यात ओल येण्याची शक्यता सर्वाधिक असते. कपाट भिंतीपासून चार-पाच बोटे पुढे ठेवावे, पेटी थेट जमिनीवर न ठेवता पाटावर वा विटांवर ठेवावी आणि कप्पे ठासून भरू नयेत. बंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवल्यास त्या ओल शोषतात. त्या ठरावीक काळाने गरम करून वाळवाव्या लागतात व मुलांच्या हाती लागू देऊ नयेत.

कीटकरोधक द्रव्ये

वनस्पतिज द्रव्ये: कडुनिंबाची वाळलेली पाने, वेखंड, लवंगा, दवणा व वाळा कपड्यांत ठेवण्याची रूढी आहे. त्यांच्या वासाने काही कीटक दूर राहतात. मात्र कपड्यांत आधीच असलेल्या अळ्या त्यांमुळे मरतीलच असे नाही, आणि वास ओसरला की परिणामही ओसरतो. ही द्रव्ये पूर्ण वाळवून कापडी पुरचुंडीत ठेवावीत. सुटी ठेवल्यास तेलाचे डाग पडतात व अर्धवट वाळलेल्या पानांमुळे उलट ओल येते.

डांबरगोळ्या: या गोळ्या परंपरेने नॅफ्थलीनच्या असतात. काही गोळ्या व वड्या पॅराडायक्लोरोबेन्झीनच्या असतात. दोन्ही द्रव्ये घन अवस्थेतून थेट वायुरूप होतात आणि ही वाफ दाट झाल्यावरच कीटक मरतात. त्यासाठी घट्ट बंद पेटी आवश्यक असते. रोज उघडल्या जाणाऱ्या कपाटात ती वाफ कीटकांना पुरेशी होत नाही, घरातील माणसांच्या श्वासात मात्र जाते. ती हवेपेक्षा जड असल्याने गोळ्या कापडात बांधून कपड्यांच्या वरच्या थरावर ठेवतात. नॅफ्थलीन, पॅराडायक्लोरोबेन्झीन व कापूर ही द्रव्ये एकत्र ठेवू नयेत. ती एकमेकांच्या संपर्कात पाघळून कपड्यांवर तेलकट डाग पाडतात. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने नॅफ्थलीन व पॅराडायक्लोरोबेन्झीन या दोहोंची नोंद माणसात कर्करोगास कारण ठरण्याची शक्यता असलेल्या द्रव्यांच्या गटात केली आहे.

उष्णता व शीत: रसायनांविना कीड मारण्यासाठी शीत उपचार परिणामकारक आहे. पूर्ण कोरडे लोकरी वस्त्र हवाबंद पिशवीत घालून उणे १८ अंश सेल्सिअस वा त्याहून कमी तापमानाच्या फ्रीझरमध्ये एक ते दोन आठवडे ठेवतात. बाहेर काढल्यावर वस्त्र खोलीच्या तापमानाला येईपर्यंत पिशवी उघडू नये, अन्यथा त्यावर दव जमते. साधारण ५० अंशांवरील उष्णतेनेही अंडी व अळ्या मरतात, परंतु ती रेशीम व नाजूक रंगांना सोसत नाही.

बालकांची सुरक्षितता

घरातील पहिल्या मुलाची अंगडी-टोपडी, कुंच्या व दुपटी जपून ठेवून पुढच्या बाळासाठी वापरण्याची पद्धत महाराष्ट्रात सर्वत्र आहे. हे कपडे डांबरगोळ्यांत ठेवले असतील तर धोका संभवतो. जी-६-पीडी नावाच्या एन्झाइमाची जन्मजात कमतरता असलेल्या बालकांत नॅफ्थलीनच्या संपर्काने रक्तातील तांबड्या पेशी फुटू लागतात व तीव्र कावीळ होऊ शकते. नवजात बालकांच्या कपड्यांतून वा पांघरुणांतून असा अपाय झाल्याची उदाहरणे वैद्यकीय वाङ्मयात नोंदलेली आहेत. ही कमतरता बाह्य लक्षणांवरून ओळखता येत नाही. म्हणून बाळाचे कपडे, बाळंतविड्यातील वस्त्रे व पांघरुणे डांबरगोळ्यांत मुळीच ठेवू नयेत. ती धुऊन, उन्हात वाळवून घट्ट डब्यात ठेवणे पुरेसे असते.

पांढऱ्या वा रंगीत गोळ्या मुलांना पेपरमिंटसारख्या वाटतात. नॅफ्थलीन पोटात गेल्यास लक्षणे लगेच न दिसता एक-दोन दिवसांनी फिकटपणा, कावीळ वा गडद रंगाची लघवी या रूपाने दिसू शकतात. कापूर गिळल्यास थोड्या वेळातच झटके येऊ शकतात. अशा प्रसंगी मूल ठीक दिसत असले तरी, ओकारी करवण्याचा प्रयत्न न करता, गोळीच्या वेष्टनासह तत्काळ रुग्णालयात न्यावे.

संग्रहालयातील पद्धती व घरगुती साठवण

वस्त्रसंग्रह असलेल्या संग्रहालयांत साधारणपणे १८ ते २२ अंश तापमान, ४५ ते ५५ टक्के आर्द्रता व मंद प्रकाश राखण्याचा प्रयत्न केला जातो. घरात असे नियंत्रण शक्य नसते. तथापि नव्याने आलेली वस्तू तपासून मगच संग्रहात ठेवणे, कीड लागलेली वस्तू तत्काळ वेगळी करणे, आम्लविरहित वेष्टन वापरणे आणि विषारी द्रव्यांपेक्षा स्वच्छता व नियमित पाहणी यांवर भर देणे ही तत्त्वे घरातही पाळता येतात. जुन्या बाजारातून आणलेली शाल किंवा नातेवाइकांकडून आलेली जुनी वस्त्रे थेट आपल्या पेटीत न ठेवण्याचे कारण हेच होय.

तपासणी व पुनर्वापर

पतंगाची अळी अंधाऱ्या व न हलवलेल्या जागी वाढते. त्यामुळे वर्षातून किमान दोनदा, पावसाळ्यापूर्वी व नंतर, पेट्या पूर्ण रिकाम्या करून पाहणे हा सर्वांत साधा व प्रभावी उपाय ठरतो. लहान अनियमित भोके, रेशमी जाळीच्या बारीक नळ्या आणि वाळूसारखी, कापडाच्याच रंगाची विष्ठा ही अळीची चिन्हे होत. ती आढळल्यास बाधित वस्त्र पिशवीत बंद करून वेगळे काढावे, उरलेली वस्त्रे झटकून तपासावीत आणि पेटीच्या सांधीकोपऱ्यांतील धूळ काढावी. बुरशी लागलेले वस्त्र घराबाहेर, तोंडावर कापड बांधून ब्रशने झाडावे व नंतर धुवावे.

डांबरगोळ्यांत ठेवलेली मोठ्यांची वस्त्रेही वापरण्यापूर्वी वास जाईपर्यंत काही दिवस मोकळ्या हवेत ठेवून धुवावीत. पेटीच्या झाकणावर आतील वस्त्रांची यादी व शेवटच्या पाहणीची तारीख लिहिलेला कागद चिकटवल्यास पावसाळ्यात पेटी विनाकारण उघडावी लागत नाही आणि पुढील पाहणीही चुकत नाही.